लक्ष्मीबाई टिळक : घायाळ बालपण, समृद्ध जीवन



गंगाखेडच्या घाटावर उभे राहिले की समोरून वाहणारी गोदावरी शांत वाटते. आपल्या भागात तिला सारे गंगाच म्हणतात. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा असा आपल्या जिल्ह्यातील प्रवास करून ती पुढे नांदेडकडे जाते. पण आपल्याकडे येण्यापूर्वी ती नाशिकवरून आलेली असते. नाशिकजवळ तिच्या काठी जलालपूर नावाचे एक छोटे गाव आहे. ज्या बाईची ओळख आज आपण करून घेणार आहोत, तिचा जन्म त्या गावचा. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्या आणि त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत होते. पण टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. त्यांची पत्नी एवढीच लक्ष्मीबाईंची ओळख पुष्कळांना असते. त्यांचे आत्मचरित्र शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यातून आपल्यापैकी काहींनी वाचले असेल आणि पोट धरून हसलेही असतील. त्या हसण्यामागे किती रडणे होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. बालपणी घरातच घाव सोसलेले माणूस मोठेपणी कसे जगते, कुठे मोडते आणि कशाच्या आधाराने पुन्हा उभे राहते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या मातीतले त्यांच्यासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

सोवळ्याने ग्रासलेले घर

१ जून १८६८ रोजी जलालपूरच्या गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. नाव ठेवले मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. तिच्या जन्मापूर्वी दहा-अकरा वर्षे त्या घरावर फार मोठा आघात झाला होता. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. सासऱ्यांचा असा शेवट मनूच्या वडिलांच्या मनाला फार लागला. त्यातून ते कधी सावरलेच नाहीत. त्यांच्या मनाने एक विचित्र वाट धरली. त्यांना सोवळ्याने ग्रासले.

त्या काळी ब्राह्मण घरात सोवळे-ओवळे असायचेच. पण हे त्याच्या पलीकडचे होते. विटाळ झाला, अमक्याचा स्पर्श झाला, ही भीती वडिलांचा पिच्छा सोडीना. बाजारातून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुवायचे, गूळ धुवायचा, मीठसुद्धा धुवायचे! धुतल्यावर मीठ किती उरणार, याचा विचार कोणी करायचा? विचारण्याची सोय नव्हती. थोडे इकडे तिकडे झाले की वडिलांचा राग भडके. तो राग बायकोवर निघे, मुलांवर निघे. घरातले प्रत्येकजण त्यांच्या चाहुलीकडे कान लावून जगत असे. आईचा जन्म धुण्यात आणि धाकात गेला. मुलांना मोकळेपणाने वडिलांजवळ जाणेही शक्य नव्हते, कारण मुलांचा स्पर्शही त्यांना चालत नसे.

आज एखाद्या माणसाचे असे झाले तर डॉक्टर त्याकडे मंत्रचळाच्या नजरेने पाहतील. मनाचा हा आजार पुष्कळांना असतो. पुन्हा पुन्हा हात धुणे, पुन्हा पुन्हा तपासणे आणि तरीही समाधान न होणे, ही त्याची लक्षणे. आज त्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे. त्या काळी यातले काहीच नव्हते. लोक त्याला धर्मनिष्ठा समजत, नाहीतर विक्षिप्तपणा म्हणून सोडून देत. आजारी माणूस एक आणि शिक्षा भोगणारी माणसे पाच-सहा, असे ते घर होते.

मनूच्या नशिबाने तिला एक मोकळी खिडकी मिळाली. नाशिकला नातलगांच्या घरी ती काही काळ राहिली. तिथे तिचे लाड झाले, तिला पोटभर खायला आणि मनासारखे खेळायला मिळाले. आपण कोणाला तरी हव्या आहोत, हे त्या पोरीला तिथे कळले. ही गोष्ट लहान वाटते, पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

अकराव्या वर्षी लग्न

१८८० च्या सुमारास मनूचे लग्न झाले. वय अकरा. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा नारायण वामन टिळक. लग्नानंतर मनूची लक्ष्मी झाली. एका धाकाच्या घरातून निघालेली मुलगी दुसऱ्या धाकाच्या घरात येऊन पडली. सासरे वामनराव अत्यंत कडक स्वभावाचे आणि बायकांविषयी मनात अढी बाळगणारे होते. सासू आधीच वारलेली, त्यामुळे मायेने जवळ घेणारे त्या घरात कोणी नव्हते. टोमणे, अपमान आणि अंगावर न पेलणारी कामे हेच त्या पोरीच्या वाट्याला आले. नवरा बुद्धिमान, मनाने प्रेमळ, पण लहरी. कधी न सांगता घरातून निघून जाई आणि कित्येक दिवस त्याचा पत्ता नसे. रागावला की घर डोक्यावर घेई.

इथे क्षणभर थांबून टिळकांचेही बालपण पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. ज्या वामनरावांनी सुनेला छळले, त्यांनीच आधी आपल्या बायकोला आणि मुलाला छळले होते. नारायणाची आई जानकीबाई हळव्या मनाची, कवितेची आवड असलेली. मुलगा तिच्याच छायेत वाढला. नवऱ्याचा जाच सोसत ती माऊली अकाली गेली. तेव्हा नारायण अवघा अकरा-बारा वर्षांचा होता. आई गेल्यावर त्या घरात त्याचे काही उरले नाही. तो घर सोडून पायी चालत नाशिकला आला आणि परक्यांच्या आधाराने शिकला.

म्हणजे या जोडप्यात दोघेही घायाळ होते. एकाला वडिलांच्या क्रूरपणाने घराबाहेर घालवले, दुसरीला वडिलांच्या आजाराने घरातच कोंडले. अशी दोन माणसे एकत्र आली की एकमेकांना समजून घेतील, असे आपल्याला वाटते. पण सुरुवातीला तसे होत नाही. बालपणीचा धाक मोठेपणी राग होऊन बाहेर येतो, संशय होऊन येतो, नाहीतर घर सोडून पळण्याची सवय होऊन येतो. टिळकांचे अचानक निघून जाणे पाहिले की तो अकरा वर्षांचा मुलगा अजून चालतोच आहे, असे वाटते.

वाचकहो, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या परभणी जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात नको त्या कारणासाठी पुढे आले. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. कोणी ऊसतोडीला जाताना मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे या काळजीने लग्न उरकतो, कोणी लोक काय म्हणतील या भीतीने. कारण काहीही असो, कोवळ्या वयात परक्या घरी गेलेल्या पोरीचे मन कसे होते, ते लक्ष्मीबाईंनी सांगून ठेवले आहे.

कोसळणे

पुढे टिळक नागपूर, राजनांदगाव अशा ठिकाणी राहिले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचून टिळकांचे मन हलले. दोन वर्षे त्यांच्या मनात झुंज चालली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. आधीची अपत्ये दगावलेली, आता पदरात लहानगा दत्तू. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. धर्म गेला, जात गेली, संसार गेला. त्यांची प्रकृती ढासळली. झोप उडाली, अन्न नकोसे झाले, जगण्यातच राम वाटेना. आज याला आपण तीव्र नैराश्य म्हणू. तेव्हा तसा शब्द नव्हता. पण घरच्या माणसांना भीती कळत होती आणि त्यांनी त्यांच्यावर नजर ठेवली.

बालपणी घाव सोसलेल्या माणसाचे असे होते, हे आता वैद्यकशास्त्रानेही दाखवून दिले आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढ माणसांच्या पाहणीवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा, घरातील मनोरुग्णाचा सहवास असे जितके जास्त अनुभव, तितके मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि शरीराचे आजारही जास्त, असे त्यातून दिसले. मूल विसरले असे आपण म्हणतो. पण मुलाचे शरीर आणि मन विसरत नाही. मोठेपणी नवा आघात झाला की जुना घाव उघडा पडतो. म्हणून अशा वेळी कोसळणारे माणूस दुबळे नसते. त्याचा विश्वासही कमी नसतो. ते दुहेरी ओझे वाहत असते.

सावरणे

पती-पत्नीची ताटातूट चार-पाच वर्षे टिकली. या काळात माहेरच्या आणि नात्यातल्या माणसांनी लक्ष्मीबाईंना सांभाळले. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. आपल्या गंगाखेडची जनाबाई सहा-साडेसहा शतकांपूर्वी याच पंढरपुरात लहान वयात दासी म्हणून राहिली आणि कामाच्या रगाड्यात देवाशी बोलत राहिली. घरकाम करता करता मनातले दुःख देवाजवळ ओवीत मांडण्याची ही मराठी बाईची जुनी रीत आहे. लक्ष्मीबाई शाळेत कधीच गेल्या नव्हत्या. अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिलेली. पण दुःख अनावर झाले तेव्हा त्याही पद्ये रचू लागल्या. आत कोंडलेल्या गोष्टीला शब्द मिळाले की तिची धार थोडी बोथट होते.

पुढे मुलाच्या ओढीने आणि नवऱ्याच्या प्रेमाने त्या नगरला आल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. आपण कोणाच्या हातचे खाणार नाही, हा त्यांचा हट्ट टिळकांनी चालू दिला. ही गोष्ट साधी नव्हे. ज्या बाईला जन्मभर कोणी ना कोणी हुकूम केला, तिला पहिल्यांदा तिच्या गतीने चालू दिले गेले. धाकात वाढलेल्या माणसाला बरे व्हायला हेच लागते. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा लागतो.

मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला. माणसामाणसांत हा विटाळ देवाने निर्माण केला की माणसाने? झाडे, पाणी, ऊन सर्वांना सारखेच देणारा देव असे कसे करील? विचाराची गाठ सुटली तशी सोवळ्याचीही सुटली. त्या कोणाच्याही हातचे पाणी घेऊ लागल्या. आपण हे जातिभेद सोडण्याचे उदाहरण म्हणून वाचतो आणि ते तसे आहेच. पण त्यात आणखी एक अर्थ आहे. ज्या भीतीने वडिलांचे आयुष्य खाल्ले, आईला झिजवले, बहीणभावांचे बालपण करपवले, ती भीती या मुलीने आपल्या पिढीत थांबवली. दत्तूच्या ताटात धुतलेले मीठ आले नाही. १९०० मध्ये त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याचे पाणी त्यांना किती वेगळे वाटले असेल! लहानपणी पाहिलेले पाणी कितीही ओतले तरी वडिलांना शुद्ध वाटू देत नव्हते. हे पाणी एकदाच डोक्यावर आले आणि देवाने तुला स्वीकारले आहे, अशी खूण देऊन गेले.

घर सर्वांसाठी उघडले

यानंतर सारे गोड झाले असे समजू नका. टिळकांचा राग गेला नाही, लक्ष्मीबाईंचा हट्टही गेला नाही. दोघांची भांडणे होत, अबोले होत आणि नंतर समेटही होत. पैशाची कायम ओढाताण असे, कारण टिळक हातात आलेले दुसऱ्याला देऊन टाकीत. पण या घरात आता एक बदल होता. भांडणानंतर एकमेकांजवळ परत येण्याची वाट त्यांना सापडली होती.

दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत कित्येक मुले निराधार झाली. टिळकांच्या घराचे दार अशांसाठी उघडे असे. नात्यागोत्याची नसलेली मुले लक्ष्मीबाईंच्या हातचे खाऊन मोठी झाली. कवी बालकवी ठोंबरे तरुणपणी नगरला त्यांच्या घरी राहिले. हळव्या, अस्वस्थ मनाच्या त्या मुलावर लक्ष्मीबाईंनी आईसारखी माया केली. १९१८ मध्ये बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले तेव्हा त्यांना मुलगा गेल्याचे दुःख झाले. ज्या मनूला नाशिकच्या नातलगांनी माया दिली होती, ती मनू आता दुसऱ्यांच्या मुलांना माया देत होती.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्या हातपाय गाळून बसल्या नाहीत. मुंबईत वसतिगृहात मुलींची देखरेख करण्याचे काम त्यांनी केले. पुढे मुलाबरोबर कराचीलाही जाऊन राहिल्या. टिळकांनी येशूच्या जीवनावर ख्रिस्तायन हे महाकाव्य लिहायला घेतले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय होऊन ते राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने त्यात साठांहून अधिक अध्याय लिहून ते पुढे नेले. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

हसत सांगितलेले दुःख

मुलगा देवदत्त, म्हणजेच लहानपणचा दत्तू, याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. त्यातून स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र तयार झाले. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत आले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

या पुस्तकाची सुरुवातच त्या सोवळ्याच्या घराने होते. लक्ष्मीबाई काहीही लपवीत नाहीत. वडिलांचा जाच, आईचे हाल, सासऱ्यांचे वागणे, नवऱ्याचा राग, सारे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. साठी उलटलेल्या बाईने, त्या काळात, वडिलांविषयी आणि सासऱ्यांविषयी असे खरे लिहिणे हे मोठे धाडस होते. तरीही त्यात कडवटपणा नाही. वडिलांचे सोवळे कुठून आले, हे सांगताना त्या आजोबांच्या फाशीपासून सुरुवात करतात. म्हणजे वडिलांनाही एक जखम होती, हे त्यांनी समजून घेतले होते. समजून घेणे म्हणजे जे झाले ते बरोबर होते असे म्हणणे नव्हे. त्या चुकीला चूक म्हणतात, अन्यायाला अन्याय म्हणतात आणि मग हसतात. ते हसू दुःखावर पांघरूण घालणारे नाही. ज्या गोष्टीची आता भीती उरलेली नाही, तिच्याकडे पाहून माणूस जसे हसते, तसे ते आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. जिच्या काठी त्या जन्मल्या, त्याच गोदावरीच्या काठी.

आपल्यासाठी

लक्ष्मीबाई सावरल्या, कारण त्यांना काही आधार मिळाले. लहानपणी एक मायेचे घर मिळाले. कोसळल्या तेव्हा सांभाळणारी माणसे मिळाली. दुःखाला शब्द मिळाले. आपल्या गतीने चालण्याची मोकळीक मिळाली. येशूमध्ये त्यांना असा पिता भेटला, ज्याच्या जवळ जायला भीती वाटत नाही. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर संशोधकांनी अनेक वर्षे लक्ष ठेवले होते. त्यांतली जी मुले अतिशय कठीण घरांत वाढली, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी कर्तबगार आणि समाधानी निघाली. अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा एक तरी मोठे माणूस असे होते, ज्याने त्यांना मनापासून जवळ केले. कोणाची आजी, कोणाचे शिक्षक, कोणाचे शेजारी. जलालपूरच्या मनूलाही नाशिकला असेच माणूस भेटले होते.

आपल्या धर्मग्रामात असे एक तरी माणूस प्रत्येक मुलाला मिळाले पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल गप्प गप्प राहते, कोणी हात उचलला की दचकते, घरी जायला टाळाटाळ करते. त्याला रागावण्याआधी त्याच्याजवळ बसावे. मुलाने काही सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा. गप्प राहा, घराण्याची अब्रू जाईल, असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. येशूने बालकांना जवळ बोलावले आणि त्यांना अडखळविणाऱ्यांना फार कडक इशारा दिला, हे शुभवर्तमान आपण मिस्सामध्ये ऐकतो. ख्रिस्तसभेतही काही ठिकाणी लहानांवर अत्याचार झाले आणि ते झाकले गेले, हे दुःखाने मान्य करावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा तक्रारी दडपल्या जाऊ नयेत यासाठी सर्व धर्मप्रांतांना नियम घालून दिले. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हा गुन्हा आहे. मदतीची गरज असलेल्या कोणत्याही मुलासाठी १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो.

आणि मोठ्यांसाठी एक शब्द. आपल्यापैकी कोणाचे बालपण मारात, धाकात, शब्दांनी न सांगता येणाऱ्या गोष्टींत गेले असेल. वीस-तीस वर्षे झाली तरी रात्री झोप लागत नसेल, मुलांवर विनाकारण हात उठत असेल, दारूचा आधार घ्यावासा वाटत असेल, जीव नकोसा होत असेल. त्यांनी हे मनात ठेवू नये. विश्वासातल्या एखाद्या माणसाजवळ बोलावे, फादरांजवळ किंवा सिस्टरांजवळ बोलावे. आपल्यावर झालेला अत्याचार हे आपले पाप नव्हे, म्हणून त्याची लाज बाळगू नये. प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जाण्यात कोणताही अविश्वास नाही. ताप आल्यावर आपण गोळी घेतोच ना? मनाच्या आजारालाही औषध आहे. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. क्षमा करायची की नाही, कधी करायची, याची घाई कोणी कोणाला करू नये. लक्ष्मीबाईंनाही त्यासाठी जवळजवळ सारे आयुष्य लागले. आजही जाच चालू असेल, तर क्षमेच्या नावाखाली तो सोसत राहावा असे येशू सांगत नाही. आधी सुरक्षित जागी जावे.

आणि ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांची लेक आहे, त्यांनी अकरा वर्षांच्या त्या मनूला आठवावे. तिला शिकू द्या, वाढू द्या.

पुढच्या वेळी गंगाखेडला किंवा पूर्णेला जाताना पुलावरून गोदावरी दिसेल. हे पाणी जलालपूरवरून आलेले आहे. तेव्हा मनातल्या मनात एक छोटी प्रार्थना करू या. हे प्रभू, ज्यांना त्यांच्याच घरात जखमा झाल्या, त्यांना तुझ्याजवळ भीती वाटू नये. त्यांना जवळ करणारे हात आमचे असोत. आणि आमच्या घरातला धाक आमच्याच पिढीत थांबो. आमेन.